एक माणूस, सात दिवस

दुसरं महायुद्ध जिंकलेला साहेबाचा देश पुढे किती वर्षं पोट आवळून जगला, हे मी जळगावजवळच्या एका कॉलेजात नऊ वर्षं शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे घ्याल तेवढे तास आपले, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते देवाला ठाऊक. लढाई चालू असताना पाव मोकळा मिळत होता, जिंकल्यावर तो रेशनवर गेला. कागद नाही म्हणून वर्तमानपत्रं चार पानांची. सिनेमाच्या तिकिटाला एवढाली रांग. मी हे सांगत असताना पोरं जांभया देत. पोरांना कशाला बोल लावू, मीही वहीतूनच वाचून दाखवायचे.

मग एकदाची कायम जागा निघाली. जागा एक, उमेदवार तीन, आणि प्रत्येकाने निवड समितीपुढे वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. मी चाळिशी गाठलेली. ही संधी हुकली असती तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती, आणि ते मला रोज पाचोऱ्याहून निघणाऱ्या सकाळच्या गाडीत आठवायचं.

मी ठरवलं, बडबड कमी करायची आणि दाखवायचं जास्त. वर्गातल्या टेबलावर तेव्हाच्या एका माणसाचं आठवड्याचं रेशन मांडलं: वाटीभर साखर, मूठभर चहापत्ती, लिंबाएवढं लोणी, चीजचा दोन बोटं तुकडा आणि एक अंडं. पुढे चिठ्ठी लावली, ‘एक माणूस, सात दिवस’. माशा बसू नयेत म्हणून वर कापड टाकलं. वर्ग झाडणाऱ्या, चहा करणाऱ्या अक्कांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा, हे समितीसाठी मांडलंय. आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर जाऊन बसले.

दोन तासांनी माझी पाळी आली, समिती वर्गात येऊन बसली. कापड मघापेक्षा फुगलेलं दिसलं, पण मी मनात पहिलं वाक्य घोकत होते. टंचाई म्हणजे काय ते आता बघा, असं म्हणून मी कापड उचललं.

साखरेचा ढीग ताटाबाहेर सांडत होता. अंडी डझनभर. लोण्याने वाडगा शिगोशीग भरलेला. आणि वर केळ्यांची अख्खी फणी. त्या काळात तिथल्या कितीतरी पोरांनी केळं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, हे मी पुढच्या पाच मिनिटांत सांगणार होते.

“एक माणूस, सात दिवस?” बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी चिठ्ठी वाचली. बाकीचे दोघे हसले.

माझं डोकं सटकलं. अक्का दारातच उभ्या होत्या. “अक्का, हे कुणी करायला सांगितलं होतं?”

“पाव्हनास्पुढे इतलुसं ठेवतस का माय? लोके काय म्हनतीन?”

कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या घरून त्यांनी हे सगळं आणलं होतं. पाहुण्यापुढे रितं ताट ठेवलं की घराचं नाक कापलं, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्याही घरी तेच चालतं. तरी मी समितीदेखत ओरडले, “तुम्हाला यातलं काही कळत नाही. काढा ते सगळं.”

अक्का पुढे आल्या. आधी केळी उचलली, मग एकेक अंडं पदरात घेऊ लागल्या. दर खेपेला विचारत, “आजून?” मी म्हणे, अजून. वरची साखर डब्यात गेली, वरचं लोणी बोटांनी निपटून काढलं. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. एक अंडं उरलं तेव्हा त्या थांबल्या.

“हाई एक मानूसनं शे?”

“हो.”

“मंग रांधनारी काय खात व्हई?”

तज्ज्ञ बाईंचं पेन थांबलं. “सांगा,” त्या मला म्हणाल्या, “काय खात होती?”

उत्तर मला ठाऊक होतं. वहीच्या कुठल्याशा पानावर ते नऊ वर्षं पडून होतं. रेशन तिच्याही नावाचं होतं, पण अंडं नवऱ्याच्या ताटात जायचं, साखर पोरांच्या वाट्याला, आणि ती एकदा उकळलेल्या पत्तीचाच चहा पुन्हा करून प्यायची. मी वही न उघडता बोलत राहिले. वीस मिनिटांची चाळीस झाली, कुणी घड्याळ दाखवलं नाही.

“आधी भरलेलं ताट दाखवायचं आणि मग एकेक काढायचं,” शेवटी तज्ज्ञ बाई म्हणाल्या, “ही कल्पना तुमची?”

अक्का अजून तिथेच होत्या, पदरात अंडी धरून.

“हो,” मी म्हणाले.

बाईंनी अक्कांकडे वळून विचारलं, “मॅडमनीच सांगितलं होतं ना तुम्हाला?”

त्या नाही म्हणाल्या असत्या तर माझी जागा तिथेच गेली असती, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता.

“हो. बाईस्नीच सांगं व्हतं,” अक्का म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

निवड माझी झाली. नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी अक्कांकडे माफी मागायला गेले. त्या कप विसळत होत्या. मी म्हटलं, अक्का, मी खोटं बोलले, आणि तुम्हालाही बोलायला लावलं. का सांभाळून घेतलंत?

“दर जूनले तुमना जीव टांगेल ऱ्हास, माले दिखस,” त्या कप पालथे घालत म्हणाल्या. “मी बावीस साल शे रोजंदारीवर.”

नऊ वर्षं मी त्यांच्या हातचा चहा प्यायले. साध्या माणसांचं रोजचं जगणं हा माझा विषय, आणि या बाईला तुम्ही कायम आहात का, एवढं मी कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, अजून वाटते. समितीला खरं काय ते कळवणारं पत्र मी आजवर लिहिलेलं नाही. अक्कांच्या जागेसाठी कुठलीही समिती अजून बसलेली नाही.