मिल थांबवण्याची परवानगी

आमच्या साखर कारखान्यात काहीही करण्याआधी ते वरच्या माणसाच्या कानावर घालायची पद्धत आहे. शिफ्ट इंजिनिअरनं चीफ इंजिनिअरच्या, त्यानं कार्यकारी संचालकांच्या, त्यांनी अध्यक्षांच्या. हे नियमांच्या पुस्तकात कुठंच नाही. पुस्तकात उलट असं लिहिलंय की धोका दिसला तर शिफ्ट इंजिनिअरनं ऊस पिळणारी मिल थांबवावी. शिफ्ट इंजिनिअर म्हणजे मी. सतरा वर्षांच्या नोकरीत मिल बंद करायचं बटण मी स्वतःच्या मनानं एकदाही दाबलं नव्हतं.

त्या दुपारी आमचा फिटर केबिनमध्ये आला. तिसगावकडचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. नुसत्या आवाजावरून मशिनचं दुखणं ओळखायचा. फडक्याला हात पुसत म्हणाला, "साहेब, दोन नंबरच्या मिलचं बेअरिंग लई तापलंय. ग्रीस जळाल्याचा वास येतोय. आत्ता बंद केली तर दोन तासाचं काम हाय. न्हाई केली तर शाफ्ट जाईल."

मी जाऊन पाहिलं. हात जवळ नेववत नव्हता. पण त्या आठवड्यात अध्यक्षांना गाळपाचा विक्रम करायचा होता. रोजचा आकडा लिहायला दारात फळा लावला होता आणि त्या फळ्याला झेंडूचा हार घातला होता. हाराला कोण दुखावणार?

मी चीफला फोन लावला. "बघतो," म्हणाला. कार्यकारी संचालक त्याला म्हणाले, "अध्यक्षांना विचारल्याशिवाय कसं?" अध्यक्ष कर्जतला व्याख्यान देत होते. विषय, मोठ्या संस्थेचं नेतृत्व! फोन त्यांच्या सहायकाच्या खिशात, आणि चालू भाषणात व्यासपीठावर चिठ्ठी द्यायची त्याची छाती होईना. ते भाषण मी पुढं मोबाईलवर पाहिलं. निर्णय घ्यायला कचरतो तो नेता नव्हे, असं सांगत होते आणि पुढच्या रांगेतले जोरात टाळ्या वाजवत होते. मला त्या माणसाची किळस आली. पण तो निदान कर्जतला होता. मी बटणापासून दहा पावलांवर होतो.

फिटर तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "दाबा साहेब. माझं नाव सांगा वर."

"थांबा जरा. फोन येईल," मी म्हणालो.

शाफ्ट तुटला. कारखाना आठ दिवस बंद. यार्डात उभ्या गाड्यांमधला ऊस वाळला, तोडणीच्या टोळ्या आपल्या पाचटाच्या कोप्यांसमोर बसून राहिल्या. मग वरून फोन आला. जबाबदारी निश्चित करा.

आमच्याकडे जबाबदारी वरून सुटली की ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यापाशी येऊन थांबते. अहवाल मीच लिहिला. 'फिटरने वेळेत लेखी सूचना दिली नाही.' अक्षरन् अक्षर खरं. कारखाना उभा राहिल्यापासून कुठल्याच फिटरनं कधी लेखी सूचना दिली नव्हती. चीफनं माझ्या भाषेचं कौतुक केलं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

बडतर्फीचा कागद द्यायला त्याला माझ्याच केबिनमध्ये बोलावलं. त्यानं चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"तोंडी सांगितलं हुतं, एवढी एक वळ टाका साहेब त्या अहवालात. घरी दाखवायला तरी."

"अहवाल वर गेला," मी म्हणालो. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

त्यानं चष्मा काढला. रागावलेला दिसत नव्हता, हिशेब चुकल्यासारखा दिसत होता.

"चूक माझीच हाय," तो म्हणाला. "तुमाला इचारायला नको हुतं. मीच बटन दाबायचं. घरी तर तवाबी बसवलंच असतं तुमी मला. पन मिल वाचली असती."

मी त्याला सहीची जागा बोटानं दाखवली.