आईनं उघडलेली पानं

काल माझ्या ज्युनिअरनं कायद्याचं नवंकोरं पुस्तक उघडलं आणि ताज्या छपाईच्या वासासरशी मी पुन्हा गावी, रनाळ्याला, आमच्या अंगणात पोहोचले.

आई मिरच्यांचे देठ खुडत होती. मी बसमधून उतरून पळतच आले होते. हातातली वकिलीची सनद तात्पुरती आहे, दोन वर्षांत वकिलांची अखिल भारतीय परीक्षा पास झाले तरच ती टिकेल, हे मला त्याच दिवशी नीट समजलं होतं.

"आखो परीक्षा?" आणखी एक परीक्षा म्हटल्यावर आईचा हात थांबला.

"हा, पन कायद्यानं पुस्तक संगे लई जावाले चालस!"

"दखीसन लिखानं? मंग तू पासच शे!"

"पान तं पटकन सापडाले जोयजे ना, माय." मी पिशवीतलं नवं पुस्तक तिच्यापुढं धरलं.

आईनं पदराला हात पुसले. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मधलंच पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "हाई काय शे, सांग."

मी सांगितलं. मग दुसरं पान, तिसरं. मिरचीच्या ठसक्यानं दोघी शिंकत होतो, हसत होतो, आणि आई थांबायला तयार नव्हती.

मी पहिल्याच खेपेला पास झाले. तेव्हा वाटलं होतं, आई माझी तयारी करून घेतेय. आता वाटतं, कायद्यात आहे तरी काय, हे तिलाच ऐकायचं होतं.