तांबडीचं अंडं

भाताच्या आवणीला वाकलेल्या बायकांत कुणी कोंबडीचा विषय काढला, की खाचर संपतं पण गोष्टी संपत नाहीत. माझ्याकडच्या तर सगळ्या एकाच कोंबडीच्या. तळेघरच्या वरच्या आमच्या वाडीत नुकता टीव्ही आला होता, तेव्हाच्या.

सून सुमन बाळंत होऊन दोन महिने झालेले, अंगात रक्त नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज एक अंडं द्या." घरात दोन कोंबड्या, म्हटलं त्यात काय अवघड! पण सुमनच्या माहेराहून आलेली तांबडी अंडं घालायची, वळायची आणि स्वतःच फोडून खायची!

आमचे मालक म्हणाले, "ऐतवारपातुर बघतो. न्हाई सुधारली तर रस्सा."

सुमननं आत जाऊन डोळे पुसले. तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

*

कुणीतरी सांगितलं, खोटं अंडं ठेवा, चोच आपटून कंटाळेल. ओढ्यातला पांढरा गोटा आणून खुराड्यात ठेवला. तांबडीनं दोन टोचे मारले, सोडून दिला. काळी मात्र त्यावर खुडूक होऊन बसली! तिचीही अंडी बंद!

शेजारची सखू कुंपणावरून ओरडली, "वयनी, गोट्याला पिल्लं झाली की एक मला ठिवा!"

*

मग काळीच्या शिल्लक अंड्याला भोक पाडून आत मिरचीचा ठेचा भरला, वरून कणकेनं लिंपलं. तांबडीनं फोडलं, ठेचा चाटूनपुसून खाल्ला, चोच मातीला घासली आणि दारात येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली.

सखू म्हणाली, "भाकरी मागतीया!"

*

शुक्रवारी ढोरांचा डॉक्टर वाडीत आला. त्यालाच धरलं.

"मावशी, अंड्याची टरफलं घालता का तिला?"

"घालते की. अंगाला चुना मिळावा म्हणून."

"कुटून?"

"नाय, तशीच. अर्धी अर्धी."

"मग चव तुम्हीच लावली! भाजून, पीठ करून घालायची. आणि बसायची जागा अंधारी करा."

शिकवलं मी आणि मरणार ती! घरात कुणाला सांगायचं धाडस होईना.

*

खुराड्यापुढं लगेच पोतं टांगलं. तांबडी आत गेली, बाहेर आली, घरभर फिरली आणि मालकांच्या घडी घातलेल्या पटक्यात जाऊन बसली. त्यांनी पटका उचलला, तर निम्मं अंडं पटक्याला, निम्मं तिच्या चोचीला!

"ऐतवार न्हाई," ते म्हणाले. "उद्याच!"

*

शनिवारी सकाळी ते कोयता घासायला बसले. मी झाडलेलं अंगण तीनदा झाडलं. शेवटी राहवेना.

"अवो, चूक माजी हाय. टरफलं मी घातली."

"मग काय तुजा रस्सा करू?"

सुमन लेकराला घेऊन दारात उभी. त्यांनी तांबडीला बगलेत दाबलं, दुसरा हात तिच्या बुडाखाली धरला, आणि तळहातावर गरम अंडं पडलं!

तिनं लगेच मान वळवून चोच लांब केली.

"हाड्!" म्हणत त्यांनी अंड्याचा हात डोक्यावर नेला. कोंबडी सुटली. ते कोयता ओलांडून घरात पळाले. "सुमन, तवा ठिव! आधी तवा ठिव!"

रविवारी मी उठले, तर खुराड्यापाशी पाट टाकून मालक बसलेले. पोत्याखालून आत हात, तळवा वर.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गप. बसलीया ती."