डेव्हलपरच्या बाटलीतल्या गोट्या

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरीच रंगीत स्लाइड फिल्म धुवायला शिकले. त्यासाठी लागणारं डेव्हलपर हे औषध हवेनं खराब होतं. बाटली अर्धी झाली, की आत काचेच्या गोट्या टाकून औषध तोंडापर्यंत वर आणायचं, म्हणजे हवेला जागा उरत नाही. म्हणून मी आमच्या गोरेगाव या लहानशा गावातल्या दुकानात जाऊन गोट्या मागितल्या.

दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, वर्गात तुमी माझ्या गोट्या जप्त केल्या. आन् आता तुमीच काहून खेळून राहिल्या?"

मी औषधाचं सांगितलं, पण त्याला काही ते पटलं नाही. महिन्यानं मी औषध तपासणार म्हटल्यावर तो दुकान बंद करून घरी आला. मी फिल्मचा एक तुकडा औषधात बुडवला. तो काळाकुट्ट झाला आणि मला हायसं वाटलं.

"जळालं की बाई!"

"अरे, काळं झालं म्हणजे औषध चांगलं आहे."

एवढंच त्यानं गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघी वाटी घेऊन दारात उभ्या. "बाई, केस काळे करायचं औषध द्या की थोडं."

त्यांना नाही म्हणताना मला दोनदा चहा करावा लागला.