"सर, पंधरा दिवसांत छाती पाहिजे!"

सिडकोत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी छोटी जिम आहे. सकाळच्या बॅचमध्ये वापरलेलं डंबेल जागेवर ठेवायला कोणी तयार नसतं, पण किस्सा मात्र प्रत्येक जण ठेवून जातो! बारा वर्षांत इतके साठलेत, की चहाला बसलं की एखादा निघतोच.

*

नांदगावचा एक तरुण, अंबडच्या कंपनीत नोकरीला. दारातूनच म्हणाला, "सर, लग्न हाय. पंधरा दिवसांत छाती पाहिजे!"

"सहा महिने तरी लागतील."

"मग काय करू?"

"लग्न पुढे ढकल."

तो खरंच विचारात पडला. "हॉल बुक झालाय ना, सर!"

लग्नानंतर महिन्याभराने बायकोला घेऊन आला. ती म्हणाली, "यांना लय घाई असते. मला हळूहळू शिकवा."

ती अजून नियमित येते. तो तिला सोडायला येतो!

*

पाटणकर सर निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट. गुडघे कुरकुरायचे. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर मी त्यांना तीन आठवडे एकच काम दिलं. खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं. शेवटी सर तडकले.

"अहो, शाळेत मी पोरांना उठाबशा शिक्षा म्हणून द्यायचो!"

"सर, सगळ्यात जास्त शिक्षा ज्याला झाली, तो आता काय करतो?"

सरांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "पोलिसात आहे."

आणि पुन्हा खुर्चीत बसले.

*

सविताताई नर्स आहेत. ड्युटीच्या आधी त्यांना वीसच मिनिटं मिळतात. आठवड्यातून तीन दिवस, तीनच व्यायाम. त्या वेळी रोज दोन-दोन तास घाम गाळणारा पोरांचा एक ग्रुप होता. त्यातला एक हसत म्हणाला, "ताई, वीस मिनिटांत काय होतं?"

ताई घड्याळ बघत पुढच्या व्यायामाकडे वळल्या. दिवाळी येईतो ग्रुप गायब!

चार वर्षांनी तोच पोरगा पोट सांभाळत जिना चढून आला. "ताई, अजून वीसच मिनिटं?"

"हो. तुझे दोन तास कुठे ठेवलेस?"

*

माझीही फजिती सांगतो. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं, म्हणून मी वॉर्म-अप न करताच मोठं वजन उचललं. कंबर धरली! तीन आठवडे घरी. परत आलो तो नुसता रिकामा रॉड घेऊन सुरुवात केली.

शेजारी पाटणकर सर. हळूच म्हणाले, "लाजू नका. खुर्ची देऊ का?"

*

आणि शोभाकाकू. मूळच्या सुरगाण्याच्या, वय अठ्ठावन्न. कंबरदुखीसाठी आल्या होत्या. जमिनीवरून रिकामा रॉड उचलण्यापासून सुरुवात केली आणि दर थोड्या दिवसांनी छोटीशी प्लेट वाढवत दोन वर्षांत पन्नास किलोंवर आल्या. एकदाही दांडी नाही. म्हणून एका मंगळवारी त्या दिसल्या नाहीत, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गुरुवारी आल्या. चेहरा ओढलेला.

"सोमवारी दुपारी हे बाथरूममध्ये बसल्या जागी कोसळले. शुगर उतरली होती. घरात मी एकटी, शेजारी कुलूप. साखरपाणी पाजलं, पण त्यांच्या पायात उठायचं त्राणच नाय."

"मग?"

"मग काय! तुम्ही ओरडता तसं केलं. पाय रोवले, पाठ सरळ, त्यांना अंगाशी घट्ट धरलं आणि उठवलं. खुर्चीत बसवलं, रिक्षा बोलावली. दोन दिवस दवाखान्यात होतो. काल घरी आणलं."

सगळी जिम थांबून ऐकत होती. मी म्हटलं, "काकू, आज आराम करा."

"आराम कसला? वजन वाढवा!" त्या रॉडसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हे सत्तर किलो हायेत, मी पन्नासवर. सोमवारी त्यांनी थोडा जोर लावला म्हणून जमलं. आणि आता तर ते नीट जेवायला लागलेत!"