सरलावहिनी आणि डोंगरातली राणी

सरलावहिनींना कलकत्ता ठाऊक होतं ते बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसेल तेवढंच. समोरच्या गच्चीवर वाळणारी धोतरं, पलीकडे आगगाडीचा धूर, खाली मासेवाल्याच्या डोक्यावरची टोपली. एकटीनं खाली उतरायला नवऱ्याची, श्यामरावांची, परवानगी लागे. श्यामराव बँकेतले अधिकारी, तेव्हा परवानगीआधी ते विचार करत. भाषा येत नाही, हरवशील, इथवर आला की तो विचार संपे.

म्हणून वहिनी वाचत. आम्हा मराठी मंडळींचं पुस्तकांचं कपाट बागबाजारात चारुदत्त दाबक्यांकडे होतं. मी खिदिरपूरच्या गोदीत कारकून आणि बिनलग्नाचा, म्हणजे रिकामाच. घरोघर पुस्तकं पोचवायचं काम माझ्या गळ्यात. नियम असा की एका घरी एकच पुस्तक, आणि मंडळींच्या महिन्याच्या बैठकीत त्यावर दोन शब्द झाल्याशिवाय दुसरं नाही. बायकांचे दोन शब्द नवरेच वाचून दाखवत. हा नियम मात्र कुणी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा कसा हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा मी वहिनींना एक बारीकशी अद्भुत कादंबरी दिली. डोंगराच्या पोटात राहणारी राणी. बाहेर जाता येत नाही म्हणून राजा तिला भिंतीवर रोज नवी खिडकी रंगवून देतो. वहिनी तिच्याबद्दल अशा बोलत, जणू ती खालच्या मजल्यावर भाड्यानं राहते. या खेपेला आपले शब्द आपणच बोलायचे, असं त्यांनी मला दारातच सांगून टाकलं.

बैठकीत श्यामरावांनी सवयीनं खिशातून कागद काढला. सर्व सुखसोयी असूनही असंतुष्ट असलेल्या राणीची शेवटी शूर राजपुत्र सुटका करतो. कथा बालिश आहे, असं सौभाग्यवतींचं मत.

"अहो, त्यात राजपुत्र नाहीच," बायकांच्या सतरंजीवरून वहिनी म्हणाल्या. "डोंगर आपोआप उघडतो. आणि राणी हसत बाहेर पडते, ते मला पटलं नाही. इतकी वर्षं आत काढलेली बाई आधी उंबऱ्यावर थांबेल. जायचं कुठे, ते तिला कुठे ठाऊक आहे?"

श्यामरावांनी कागदाची घडी करून तो परत खिशात ठेवला.

दाबके नियमाचे पक्के. वहिनींचे शब्द त्यांनी आनंदानं मान्य केले, पण न वाचता मत देणाऱ्या सभासदाला ते सोडणार नव्हते. पुस्तक श्यामरावांच्या नावावर लिहून त्याच घरी परत गेलं. एका घरी एकच पुस्तक.

पुढच्या महिन्यात मी रिकाम्या हातानं जिना चढलो. श्यामराव आरामखुर्चीत, पुस्तक पोटावर, डोळे मिटलेले.

"कुठवर आले?" मी हळूच विचारलं.

"दुसऱ्या पानावर आहेत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "राणी अजून डोंगरात गेलेलीसुद्धा नाही."

आणि त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या.