प्रमिलावन्संच्या शेवटच्या चार ओळी

दुपारचं जेवण उरकून मी गॅलरीतल्या उन्हात बसते. मांडीवर अर्धं जाळीचं कार्डिगन, नाकावर चष्मा आणि डोळ्यांत पेंग. एकसष्टाव्या वर्षी विणायला शिकतेय, त्यातही पहिलंच काम जाळीचं. आधी साधा मफलर विण, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण हे काम मी निवडलेलं नाही, ते माझ्याकडे अर्धं आलंय.

प्रमिलावन्सं, माझी थोरली नणंद, दिवाळीनंतर गेल्या. घरातल्या झाडून सगळ्यांना त्यांनी स्वेटर विणले, मला सोडून. नवी नवरी असताना मी म्हणाले होते, "हातचं कशाला, बाजारात छान मिळतात की." ते त्यांनी चाळीस वर्षं लक्षात ठेवलं. आणि आजारपणात एक दिवस खाटेवरून म्हणाल्या, "शैला, माप दे."

त्यांच्या हातून पाठ झाली, बाह्या झाल्या. शेवटच्या भागाच्या वरच्या चार ओळी मात्र चुकल्यात. जाळीत एक भोक पाडलं की शेजारचे दोन टाके एकत्र घ्यायचे, नाहीतर टाके वाढत जातात. त्या चार ओळींत नुसती भोकंच आहेत. उसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्या हातचं शेवटचं काम उसवायला माझा हात धजत नाही. महिना झाला, मी नुसतीच घेऊन बसते.

सुया खाली सरकतात.

"पेंगतेस काय? ओळ पूर्ण करून झोपावं."

समोरच्या खुर्चीत वन्सं बसल्या आहेत, पायात त्यांचे ते मातकट मोजे.

"वन्सं, तुम्ही कधी आलात?"

"मी कुठे गेले होते?"

मला ते पटतं. गॅलरीच्या गजांच्या जागी लोकरीच्या दुकानाच्या फळ्या आहेत, सगळ्यांवर एकच जांभळा रंग, माझ्या कार्डिगनचा. वन्सं एक गुंडा नाकाशी धरून हुंगतात. "हा रंग शैलाला शोभणार नाही, सगळे म्हणत होते. मी म्हटलं, शोभेल."

मी काउंटरवर हात टेकते तर ती दवाखान्यातली खाट असते. ऊन तेच आहे. वन्संच्या हाताला सलाइनच्या सुईची पट्टी, बोटं सुजलेली.

"चुकलं ना माझं?"

"नाही हो. छान झालंय."

"खोटं बोलू नकोस. एकदाच खरं बोलली होतीस, तेच लागलं मला."

मला रडू फुटतं. "मूर्ख होते मी तेव्हा, वन्सं."

"होतीसच. म्हणून काय भोकाभोकांचं घालून फिरवू तुला? लोक म्हणतील, नणंदेनं उट्टं काढलं. उसव ते."

"मग तुमचं काय उरेल?"

"लोकर कुठे जातेय? खाली टाक्यांतून पांढरा दोरा ओवलाय मी, तिथवर उसव. त्याखाली काही सुटणार नाही."

"तो होय? मी कच्च्या शिवणीचा दोरा राहिला समजून ओढून काढणार होते!"

"शाबास," म्हणून त्या हसतात. माझं बोट धरतात, लोकर त्याला गुंडाळतात. त्यांचा हात ऊबदार आहे, शेवटी नव्हता तसा.

"तुम्हीच पूर्ण करा ना."

"मला नाही गं जमायचं आता."

शेजारच्या कुकरची शिट्टी होते. मी डोळे उघडते. खुर्ची रिकामी आहे. मांडीवर उसवलेली लोकर पडलीय, चार ओळींची, आणि पांढऱ्या दोऱ्यावर सगळे टाके ओळीनं उभे आहेत. लोकर माझ्या बोटाला दोनदा गुंडाळलेली आहे. मी एकदाच गुंडाळते, मोबाइलवरच्या बाईनं तसंच शिकवलंय. दोन वेढे वन्संचे.

उसवलेली लोकर वाफेवर धरली की सरळ होते म्हणतात. मी धरत नाही. तिच्यातलं एकेक वळण त्यांच्या टाक्याचं आहे. बोटाचे वेढे न सोडता मी टाके सुईवर घेते. एक भोक, मग शेजारचे दोन टाके एकत्र. डोळ्यांतून पाणी येतंय, येऊ दे. ओळ पूर्ण होईपर्यंत मी उठत नाही.